संप, रजा आणि 'संगनमत'

एका वाचक भगिनी कामगार संघटनेसाठी नव्या औद्योगिक संबंध संहितेवरचं पत्रक मराठीत लिहीत आहेत. त्यांनी त्यातलं एक वाक्य पाठवलं आहे: 'निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी संगनमताने एकाच दिवशी किरकोळ रजा घेतल्यास तो संप समजला जाईल.' त्यांचे प्रश्न असे: रजेला संप म्हणणं मराठीत बसतं का? संप, हरताळ, बंद, काम बंद आंदोलन हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि 'संपाचा हक्क' लिहावं की 'संपाचा अधिकार'?

पहिला प्रश्न वाचल्यावर मला घर आठवलं. माझे वडील गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. कामावर न जाण्यासाठी आमच्याकडे तीन शब्द होते आणि त्यांची कधी गल्लत होत नसे. अंगात ताप असला, भोंगा चुकला, की 'आज खाडा झाला'. गणपतीला गावी जायचं असलं की 'रजा टाकली'. आणि सगळं खातंच बाहेर आलं, की 'संप'. घरी बसलेला माणूस तिन्ही वेळा तोच, बुडालेला दिवसही तसाच. फरक होता तो संमती कुणाची, याचा. खाड्याला कुणाचीच संमती नसते. रजेला मालकाची लागते. संपाला लागते ती एकमेकांची.

हे मी ओढूनताणून सांगत नाही, शब्दांच्या कुळातच ते आहे. 'रजा' अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आली आणि तिचा मूळ अर्थच राजीखुशी, अनुमती असा आहे. 'राजी' आणि 'रजा' एकाच घरचे. पाहुणा उठताना 'रजा घेतो' म्हणतो, तेव्हा तो तुमची परवानगीच मागत असतो. 'संप'चा नातेवाईक शेजारच्या गुजरातीत सापडतो. तिथे संप म्हणजे एकोपा, सलोखा. 'संप त्यां जंप' ही म्हण गुजराती घरांत आजही ऐकू येते: एकी तिथे शांतता. काम थांबवण्याला मात्र गुजराती माणूस 'हडताळ' म्हणतो. मराठीत एकोप्याचा हा शब्द एकोप्याने काम थांबवण्याला लागला. इतर भाषांनी अशा वेळी बंद पडलेल्या कामाकडे किंवा कुलूप घातलेल्या दुकानाकडे पाहिलं, मराठीने माणसांच्या एकमेकांशी झालेल्या कराराकडे पाहिलं. मला हा आपल्या भाषेतल्या फार मोलाच्या शब्दांपैकी एक वाटतो.

कायद्यालाही नेमकं हेच दिसलं होतं. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमातल्या संपाच्या व्याख्येत काम थांबवणं एकट्याने पुरं होत नाही. एकत्र येऊन काम थांबवणं, मिळून नकार देणं, किंवा आपसांतल्या समजुतीने नकार देणं, असे तिचे तीन पदर आहेत. तिसरा पदर म्हणजे तर शब्दश: गुजराती 'संप'. एकट्याचा खाडा ही शिस्तीची बाब; तोच सगळ्यांनी ठरवून केला की कायद्याची बाब.

आता नवी संहिता. संसदेने ती २०२० मध्ये मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. जुनी व्याख्या तिने बरीचशी तशीच ठेवली, पण शेवटी एक शेपूट जोडलं: निम्म्या किंवा अधिक कामगारांनी मिळून एका दिवशी घेतलेली किरकोळ रजा हाही संप. म्हणजे मालकाच्या संमतीचा शब्द उचलून एकमेकांच्या संमतीच्या शब्दात घातला. रजा मंजूर झाली असेल तर ती संप कशी? आणि मंजूर झाली नसेल तर ती रजाच नव्हे, जुन्याच व्याख्येतला सामूहिक नकार आहे. मग शेपूट हवं कशाला? 'आम्ही संपावर नाही, रजेवर आहोत' हा बचाव बंद करण्यासाठी. हेतू कळतो, पण भाषेच्या अंगाने ही जोडणी डळमळीत आहे. सारा भार 'मिळून' या एका क्रियाविशेषणावर पडतो. कोकणातल्या माणसांनी भरलेल्या कारखान्यात गणेश चतुर्थीला निम्मे लोक सीएलवर, म्हणजे किरकोळ रजेवर, असणं ही नेहमीची गोष्ट आहे. त्यांनी काही ठरवलेलं नसतं, पंचांगाने ठरवलेलं असतं. ते मिळून घेतलेली रजा ठरू नये, पण हे कुणी आणि कशावरून सिद्ध करायचं?

म्हणूनच पत्रकातल्या 'संगनमताने' या शब्दाला माझा ठाम विरोध आहे. व्युत्पत्तीने तो निरुपद्रवी दिसेल, पण आज मराठीत संगनमत होतं ते कंत्राटदार आणि अधिकाऱ्याचं, व्यापारी आणि दलालाचं. 'संगनमताने अपहार केला' हे वाक्य आपण रोज वाचतो. 'शेजाऱ्यांनी संगनमताने विहीर खोदली' असं कुणी लिहीत नाही. मूळ कायद्यातला शब्द 'ठरवून, एकत्रितपणे' एवढंच सांगतो, त्यात कट नाही. 'संगनमताने' लिहिलं की कामगार वाचतानाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, आणि तेही त्याच्याच संघटनेच्या पत्रकात. 'एकविचाराने', 'आपसांत ठरवून' किंवा साधं 'मिळून' लिहा.

या शब्दांचं इतकं का लावून धरतो, तर या देशात संपावरच्या कायद्याची लढाई कायम व्याख्येच्याच मैदानावर झाली. गिरणी कामगारांच्या १९२८ च्या दीर्घ संपानंतर १९२९ चा व्यापार तंटा कायदा आला. त्याने दुसऱ्या धंद्यातल्या कामगारांना पाठिंबा म्हणून सरकारवर दबाव आणणारे संप बेकायदा ठरवले आणि लोकोपयोगी सेवांत नोटिशीविना संप करणं गुन्हा केलं. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी मध्यवर्ती विधिमंडळात बॉम्ब टाकले, ते हे विधेयक तिथे गाजत असताना. पुढे १९३८ मध्ये मुंबई प्रांतात औद्योगिक विवाद विधेयक आलं, समेटाची बोलणी पुरी होण्याआधीचा संप दंडनीय करणारं. विधानसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की संप हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे. कामाचा करार मोडणं ही दिवाणी बाब असू शकते, पण माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध राबायला लावणं आणि नकाराला शिक्षा देणं म्हणजे गुलामगिरी. ७ नोव्हेंबर १९३८ ला या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. कायदा तरीही झाला. पण बाबासाहेबांचा मुद्दा पुन्हा संमतीपाशीच येतो, हे पाहा. रजा, राजी, मर्जी, संप: सगळा वाद 'हो' म्हणण्याचा आणि 'नाही' म्हणण्याचा हक्क कुणाचा, याचाच.

कायदा एका शब्दाचा पाठलाग करू लागला की लोक दुसऱ्या शब्दात आसरा घेतात. सामूहिक रजा, लेखणीबंद, नियमानुसार काम, काम बंद आंदोलन ही सगळी आसऱ्याची घरं आहेत. यातलं सर्वांत हृदयाला भिडणारं उदाहरण एसटीचं. २०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला कर्मचारी महामंडळाच्या राज्य सरकारात विलीनीकरणासाठी कामावरून बाहेर पडले, तेव्हा न्यायालयाची संपाला मनाई होती. आझाद मैदानात बसलेले चालक आणि वाहक सांगत राहिले की हा संप नाही, हा दुखवटा आहे, आत्महत्या केलेल्या सहकाऱ्यांचा. ते महिनोन्महिने चाललं, एप्रिल २०२२ पर्यंत. कायद्याने त्या शब्दाला किती मान दिला हा वेगळा भाग. भाषेच्या दृष्टीने मात्र निवड अचूक होती. दुखवटा 'पाळतात', सुतक पाळतात, हरताळ पाळतात, बंद पाळतात. संप सहसा पाळत नाहीत, तो 'करतात' किंवा 'पुकारतात'. पाळण्यात समाजाची रीत असते, करण्यात माणसाचा निर्णय. एसटीच्या माणसांनी निर्णयाच्या क्रियापदावरून रीतीच्या क्रियापदावर उडी घेतली होती.

आता हरताळ. आधी एक गैरसमज दूर करू. 'नियमांना हरताळ फासला' यातला हरताळ वेगळा. तो संस्कृत 'हरिताल', म्हणजे पिवळ्या रंगाचं एक खनिज. पोथी लिहिताना चूक झाली की लेखनिक त्या अक्षरांवर हरिताळाचा लेप देत, अक्षर झाकलं जाई. त्यावरून हरताळ फासणे म्हणजे पुसून टाकणे, निष्फळ करणे. दुकानं बंद ठेवण्याचा हरताळ आला तो हट्ट, म्हणजे हाट, दुकान, आणि ताल, म्हणजे टाळं, यांच्या जोडीतून. गुजराती हडताळ, हिंदी हड़ताल ही त्याची भावंडं. म्हणून मराठीत व्यापारी हरताळ पाळतात आणि कामगार संप करतात. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक याप्रमाणे सहा दिवस काम बंद ठेवलं. त्या आठवड्यात गिरण्यांत झाला तो संप आणि कापडबाजारात झाला तो हरताळ. दोन्ही शब्द आपापल्या जागी ठेवून लिहिलं, तर कोण काय गमावत होतं हे न सांगता कळतं: एकाची मजुरी, दुसऱ्याचा गल्ला.

'बंद' याहून निराळा आहे, आणि ही वेगळी ओळख त्याला न्यायालयातही मिळाली. १९९७ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने बंद घटनाविरोधी ठरवला, तो हरताळ आणि संपापासून वेगळा काढून. बंदमध्ये ज्याला सामील व्हायचं नाही त्याच्यावरही सक्ती येते, हे त्याचं कारण. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. मग केरळातल्या पक्षांनी बंदला हरताळ म्हणायला सुरुवात केली! आपल्याकडे ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले. तेव्हा पत्रकात संपाच्या जागी 'बंद' चुकूनही लिहू नका. कामगाराच्या कायदेशीर कृतीला तुम्ही उगाचच सक्तीचा वास लावाल.

'संप' हा शब्द कायद्याच्या व्याख्येपेक्षा मोठा आहे, हेही जाता जाता नोंदवतो. अलिबागजवळ चरीच्या कुळांनी खोतीविरुद्ध १९३३ पासून सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या. उपाशी राहिले, पण पेरलं नाही. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्याला महाराष्ट्र चरीचा संप म्हणूनच ओळखतो. १ जून २०१७ ला पुणतांब्यातून सुरू झालेलं आंदोलनही शेतकरी संपच. 'शेतकऱ्याला मालक कुठे असतो, मग संप कसला?' असं तेव्हा विचारलं गेलं. कायद्याच्या व्याख्येत मालक लागतो. मराठी शब्दाला फक्त एकमेकांशी ठरवलेली माणसं लागतात.

संपाची क्रियापदंही नीट वापरा. संप 'मागे घेतला' म्हणजे करणाऱ्यांनी थांबवला, 'मिटला' म्हणजे दोन्ही बाजूंत काही ठरलं, 'फुटला' म्हणजे आतून तडा गेला, 'मोडला' म्हणजे कुणीतरी मोडून काढला. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला गिरणी संप, सुमारे अडीच लाख कामगारांचा, औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आमच्या चाळीत त्याला यातलं एकही क्रियापद लागलं नाही. लोक 'संपाआधी' आणि 'संपानंतर' एवढंच म्हणायचे.

शेवटचा प्रश्न, हक्क की अधिकार. तहसीलदाराला अधिकार असतात, ते पदाबरोबर येतात आणि बदलीबरोबर जातात. हक्काचं घर, हक्काचा वाटा मात्र माणसाचा स्वत:चा असतो. राज्यघटनेच्या मराठी पाठातही 'मूलभूत हक्क' असंच आहे. तुम्ही 'संपाचा हक्क' लिहा, पण त्याला 'मूलभूत' हे विशेषण जोडू नका. संघटना स्थापण्याचा हक्क मूलभूत आहे, संपाचा तसा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये सांगितलं. २००३ मध्ये तमिळनाडूच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात तर त्याने नैतिक हक्कही नाकारला. मला ते पटत नाही, पण पत्रक वाचून कुणी भलत्या भरवशावर बाहेर पडू नये.

आणि तुमच्या मसुद्यात तुम्ही न विचारलेली एक चूक आहे, ती सगळ्यांत महागात पडेल अशी. 'संपाची नोटीस ६० दिवस आधी द्यावी' असं त्यात आहे. संहितेत तसं नाही. नोटीस संपाच्या आधीच्या ६० दिवसांच्या आत दिलेली हवी, आणि ती दिल्यावर १४ दिवस संप करता येत नाही. हीच अट पूर्वी फक्त लोकोपयोगी सेवांना होती आणि मुदत सहा आठवड्यांची होती. आता ती सगळ्या औद्योगिक आस्थापनांना आहे. शिवाय समेटाची बोलणी सुरू झाली की ती चालू असेपर्यंत आणि त्यानंतर सात दिवस पुन्हा मनाई. 'आधी' लिहिलंत तर कामगार दोन महिने थांबेल, आणि तोवर नोटीसच शिळी होईल. असं लिहा: 'नोटीस दिल्यापासून १४ दिवसांनंतर, पण ६० दिवसांच्या आत.'