रविवारी रात्री सोललेले वाल

लग्नानंतरच्या घरच्या जेवणाची कोणती आठवण सर्वांत प्रिय आहे, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर वालाचे बिरडे असे आहे; मात्र ताटातल्या बिरड्याहूनही, त्यासाठी आदल्या रात्री वाल सोलत बसण्याची आठवण मला अधिक जवळची आहे.

माझे माहेर साताऱ्याचे. आमच्याकडे मटकीला मोड आले की ती सरळ फोडणीत पडत असे. 1986 साली लग्न होऊन मी ठाण्याला, नौपाड्यातल्या दोन खोल्यांच्या घरात आले, तेव्हा एकेक दाणा सोलून उसळ करतात हेच मला नवीन होते. सासूबाई अलिबागकडच्या असल्याने वाल तिकडचेच, कडवे, लागत. श्रावणी सोमवारचा उपास संध्याकाळी बिरड्यानेच सुटायचा, आणि त्याची तयारी शनिवारी सकाळी वाल भिजत घालण्यापासून सुरू व्हायची. रात्री ते उपसून जुन्या धोतराच्या फडक्यात घट्ट बांधायचे, म्हणजे श्रावणातल्या दमट हवेत रविवारी रात्रीपर्यंत छान मोड येत. मग ते कोमट पाण्यात टाकायचे. साल सैल झाली की दाण्याचे एक टोक चिमटीत हलके दाबायचे आणि दुसऱ्या टोकाने तो मोडासकट अलगद बाहेर यायचा. पहिल्या वर्षी मी पाणी जास्त गरम घेतले आणि निम्मे मोड तुटले. सासूबाईंनी पाण्यात स्वतःची बोटे घालून, किती ऊन असावे ते मला हात धरून दाखवले.

माझे पती सकाळची लोकल पकडून फोर्टला जात आणि रात्री आठनंतर परतत. घरात सासूसासरे, धाकटा दीर आणि आम्ही. नवराबायकोने दोन शब्द निवांत बोलावेत अशी जागाच नव्हती. रविवारी जेवणे झाली की सासूबाई स्वयंपाकघरात परात मांडत, आम्हा दोघांना बसवत आणि स्वतःही सोलायला घेत. अर्धे वाल झाले की, ‘‘मी जरा पाठ टेकते, बाकीचे तुम्ही करा,’’ असे म्हणून त्या उठत आणि जाताना दार ओढून घेत. हात ओले, नजर परातीत, अशा स्थितीत आम्ही बोलू लागलो. त्यांच्या नोकरीतली काळजी, माझ्या आईचे आजारपण, पहिल्या बाळाची चाहूल, हे सारे मी त्यांना किंवा त्यांनी मला प्रथम सांगितले ते त्या परातीशी बसून. एरवी मितभाषी असलेला हा माणूस वाल सोलताना मात्र मोकळा होई.

पुढे एकदा मी बाळंतपणाहून परतले, तेव्हा सासूबाईंनी अर्धा किलो वाल एकटीने, कोणाशी न बोलता, बघता बघता सोलून टाकलेले मी पाहिले. तेव्हा माझ्या लक्षात आले की त्या रविवारी रात्री थकून उठत नव्हत्या. याविषयी त्यांनी कधी एक शब्द काढला नाही आणि मीही विचारले नाही. त्या गेल्यावर मात्र, आपण निदान एकदा बोलायला हवे होते, असे मला फार वाटले.

बिरडे त्यांच्याच पद्धतीने करते. तेलात हिंग, हळद आणि ठेचलेली लसूण, त्यावर वाल. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर वाफ द्यायची. डाव फिरवायचा नाही, पातेलेच दोन्ही हातांनी धरून हलवायचे, नाहीतर दाणे फुटतात. वाल शिजल्यावरच आमसूल आणि गूळ घालायचा, कारण आंबट आधी पडले तर दाणा शिजत नाही. शेवटी नारळाचे दूध. वालाचा किंचित कडवटपणा राहिला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. गुळाने तो बुजवला की ते बिरडे राहत नाही.

आता आम्ही घोडबंदर रस्त्याला राहतो. घर मोठे आहे, मुलगा-सून पुण्याला असतात आणि बोलण्यासाठी आडोसा शोधावा लागत नाही. तरीही श्रावणातल्या रविवारी रात्री हे स्वतःहून परात काढतात. मोड न आलेले गणंग दाणे वेगळे टाकण्यासाठी सासूबाईंची वाटी अजून तीच आहे, सासऱ्यांचे नाव कोरलेली. ती कोणी न सांगता ते माझ्या उजव्या हाताशी आणून ठेवतात.