जावेचे सात किलो गेले, माझे साडेतीनच का?

"जेवण एकाच स्वयंपाकघरातलं, चालायलाही आम्ही दोघी बरोबरच जातो. तीन महिन्यांत जाऊबाईंचे सात किलो गेले, माझे साडेतीन. माझ्यातच काही खोट आहे का?"

वजन कमी करायला निघालेली माणसं हा प्रश्न या ना त्या रूपात विचारतातच. जावेच्या जागी कधी मैत्रीण असते, कधी नवरा. इथे हा प्रश्न घेऊन आमच्याकडे सल्ल्याला आलेल्या ताई ३८ वर्षांच्या, नाशिकच्या कॉलेज रोड भागात एकत्र कुटुंबात राहणाऱ्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

"तुलना करू नकोस" हे घरात सगळ्यांनी सांगून झालं होतं. आम्ही ते सांगितलं नाही, कारण ते कुणालाच जमत नाही. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं की, ठोस मोजमाप हाताशी नसलं की माणूस दुसऱ्याकडे बघून स्वतःला जोखतो, आणि त्यासाठी बहुधा आपल्यासारखाच माणूस निवडतो. सिनेमातल्या नटीची कंबर ताईंना कधी टोचली नाही. जावेची टोचली, कारण दोघींचा ओटा एकच.

आधी आकडे कागदावर घेतले. ताईंची उंची १५५ सेंटिमीटर, सुरुवातीचं वजन ६८ किलो. जाऊबाई १६७ सेंटिमीटर आणि ९२ किलो. एवढ्या फरकामुळे, दोघींची हालचाल सारखी धरली, तरी जाऊबाईंच्या शरीराला वजन आहे तिथेच ठेवायला रोज अंदाजे २,२०० कॅलरी लागतात, ताईंना १,८००. हा ४०० चा फरक म्हणजे चारेक पोळ्या. ताटात सारखंच वाढलं तर मोठ्या शरीराची तूट आपोआप जास्त पडते. शिवाय किलोऐवजी टक्क्यांत पाहिलं तर जाऊबाईंचं वजन साडेसात टक्क्यांनी उतरलं होतं, ताईंचं पाच टक्क्यांनी. जाऊबाई पुढे आहेतच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दुप्पट पुढे नाहीत.

दुसरी गोष्ट पहिल्या आठवड्याची. जाऊबाईंनी पोळी-भात एकदम बंद केला होता आणि आठच दिवसांत अडीच किलो उतरल्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला होता. शरीरात पिष्टाचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. तो साठा रिकामा झाला की काटा झपकन खाली येतो. त्यात चरबी थोडीच असते. एक किलो चरबी जायला साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते. आठ दिवसांत अडीच किलो चरबी जाळायची तर रोज जवळजवळ २,४०० कॅलरींची तूट हवी, म्हणजे त्यांच्या दिवसभराच्या खर्चाहूनही जास्त. ताईंनी हा हिशेब स्वतः मोबाइलवर करून पाहिला आणि पहिल्यांदाच थोड्या सैल बसल्या.

मात्र हिशेब कळला म्हणून वागणं बदलत नाही. तुलनेने मन दुखतं हे सगळे बोलतात. आमच्या मते तिचं खरं नुकसान वेगळं आहे: ती चालू असलेली घडी मोडते. हे ताईंना दिसावं म्हणून एका वहीत चार रकाने आखून दिले. किती वाजता, कोणाशी तुलना झाली, नेमकं काय पाहिलं किंवा ऐकलं, आणि पुढच्या दोन तासांत काय केलं. भावना लिहायची नाही, कृती लिहायची. दहा दिवस.

वहीतून जे निघालं ते असं. बहुतेक नोंदी रात्री दहानंतरच्या, स्टेटस बघतानाच्या. चौथ्या रकान्यात पुन्हा पुन्हा "उद्यापासून भात बंद", "उद्या फक्त सूप", "उद्या दुपारपर्यंत काही नाही". सकाळी उपाशी राहायचं, दुपारी नुसती काकडी, आणि साडेचारला मुलं शाळेतून आली की ओट्याशी उभं राहून त्यांच्या डब्यातली उरलेली पोळी-भाजी, मग चिवड्याचा डबा. बसून, ताट वाढून खाल्लं नाही म्हणून ते त्यांच्या हिशेबात धरलेलंच नव्हतं. तीन महिन्यांत चार वेगवेगळे आहार झाले होते, एकही पंधरा दिवस टिकला नव्हता. तरीही साडेतीन किलो उतरले, ते रोजच्या चालण्याच्या जोरावर असावेत.

मग बदल केले, फार नाहीत. ग्रुप सोडायचा नाही (सोडला की त्यावरच चर्चा होते), फक्त म्यूट करायचा आणि रात्री नऊनंतर फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत. साडेचारचं खाणं ठरवून टाकायचं: मूठभर फुटाणे किंवा वाटीभर उसळ, बसून. आणि आहार निदान सहा आठवडे बदलायचा नाही. मोह झालाच तर तो वहीत लिहायचा आणि पुढच्या भेटीत बोलायचा.

वजनकाटा दिवसातून तीनदा वापरला जात होता. तो आता आठवड्यातून एकदा: बुधवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, सपाट फरशीवर. काटा सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवला की आकडा चुकतो. पाळीच्या आसपास एखाद-दोन किलो पाण्याचेच वाढू शकतात, म्हणून या महिन्यातला आकडा मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडायचा. कंबरेचा घेर महिन्यातून एकदा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप, श्वास सहज सोडलेला, पोट आत न ओढता. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरच्या वर गेलं की धोका वाढतो असं धरतात. ताईंचा घेर ९० निघाला.

विचारता विचारता आणखी एक बाब पुढे आली. वजन कमी करायला डॉक्टरांनी सांगितलं होतं ते एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची चाचणी) ६.१ आलं म्हणून. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. जावेशी शर्यत लागल्यावर हे कारणच मागे पडलं आणि चाचणी पुन्हा झालीच नाही. ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते, त्यामुळे आता करण्यात अर्थ होता. डॉक्टरांना विचारून केली, थायरॉइडही तपासून घेतलं. थायरॉइड ठीक, एचबीएवनसी ५.८. ज्या कामासाठी निघाल्या होत्या ते निम्म्याहून अधिक झालेलं होतं, आणि त्या स्वतःला नापास ठरवून बसल्या होत्या.

घरचं माणूस बोलतं त्याचं काय करायचं, हा नाजूक भाग. सासूबाई जेवताना "मोठीचं बघ" म्हणायच्या. उलट उत्तर देणं ताईंच्या स्वभावात नव्हतं, म्हणून एकच वाक्य बसवून घेतलं: "आई, वजनाचं मी डॉक्टरांशी बोलते, तुम्ही संध्याकाळी माझ्याबरोबर चालायला या ना." सासूबाई दोनदा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आल्या, मग गुडघ्याचं कारण निघालं, पण जेवतानाचं बोलणं बरंच कमी झालं. जाऊबाईंशी ठरलं ते एवढंच की चालताना किलोचा विषय काढायचा नाही.

रविवारची मिसळ बंद करायला आम्ही सांगितलं नाही. नाशिकमध्ये राहून ते टिकतही नाही. पूर्वी ताई गंगापूर रोडला सगळ्यांसमोर नुसती मटकी खायच्या आणि घरी येऊन फरसाणावर तुटून पडायच्या. आता मिसळच, पण तर्री एकदाच, फरसाण वेगळं मागवून चमचाभर, पाव एक, सोबत दही.

एक इशारा. कुणी खाल्लेलं मुद्दाम ओकून टाकत असेल, जुलाबाच्या गोळ्या घेत असेल, किंवा आठवड्यातून एकदा तरी ताबा सुटून लपून खात असेल, तर वही आणि काटा बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडेच जावं. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

पुढच्या तीन महिन्यांत ताईंचे आणखी अडीच किलो उतरले, घेर ८६ वर आला. जाऊबाईंनी पोळी-भात पुन्हा सुरू केल्यावर त्यांचे तीन किलो परत आले. हे सांगताना ताईंना हसू आवरत नव्हतं. तीही तुलनाच, तेव्हा ती वहीत लिहायला लावली. चौथ्या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: "दोन जिलब्या."