'विंदु' : वाऱ्याचा डोळा

प्रश्न असा आला आहे : 'इंग्रजी चांगलं येतं म्हणून नॉर्वेजियन शिकायला घेतली. खिडकीला तिथे विंदु म्हणतात, म्हणजे तो विंडोवरूनच आला ना? आणि द विंडो म्हणायचं तर द कुठे लावायचा?'

अगदी उलट. 'विंडो' हा शब्द इंग्रजीने उत्तरेकडून उचलला, तेराव्या शतकात तो इंग्रजी लेखनात दिसू लागतो. नॉर्वेजियन म्हणजे मोडून बोललेली इंग्रजी, हे वारंवार कानावर पडतं आणि दर वेळी चीड येते. एग, नाइफ, लॉ, हजबंड, इतकंच काय 'दे' हे अनेकवचनी सर्वनामसुद्धा इंग्रजीने प्राचीन नॉर्सकडून, म्हणजे नॉर्वेजियन-डॅनिशच्या पूर्वज भाषेकडून घेतलं आहे. कोणी कोणाचं उचललं ते आधी पाहावं.

'द'चं चटकन सांगतो. तो नामाला मागून चिकटतो. 'एत विंदु' म्हणजे एक खिडकी, 'विंदुए' म्हणजे ती ठरावीक खिडकी. लिहिताना विंदुएच्या शेवटी 'त' असतो, पण तो उच्चारायचा नाही. सुट्या 'एत'मधला 'त' मात्र स्पष्ट म्हणायचा. विशेषण आलं की पुढे 'दे' येतो आणि मागचा प्रत्ययही राहतो : 'दे स्टूरे विंदुए', ती मोठी खिडकी. इंग्रजी बोलणारा इथे हमखास चुकतो, कारण पुढे 'द' लावला की काम झालं अशी त्याला सवय असते. मागे चिकटतो तो हाच 'एत', म्हणून नाम पाठ करतानाच 'एत'सकट करावं. शेवटच्या 'उ'साठी ओठ आपल्या ऊसारखे, जीभ मात्र पुढे. 'विंदु'त 'द' ऐकू येतो, पण नुसत्या वाऱ्याला 'विन्' म्हणतात, तिथे 'द' फक्त कागदावर.

वारा आलाच आहे, तर खरी गंमत आता. मूळ नॉर्स शब्द 'विंदाउगा'. विंद म्हणजे वारा, आउगा म्हणजे डोळा. बूकमोल या जास्त चालणाऱ्या लेखी रूपात तो डॅनिशमार्गे आला आणि झिजून 'विंदु' झाला. तिथे डोळ्याला 'ओइए' म्हणतात, त्यामुळे शिकणाऱ्याला नातं दिसत नाही. पण इवार ओसेन यांनी एकोणिसाव्या शतकात गावोगावच्या बोली गोळा करून जी भाषा उभी केली, त्या नीनॉर्स्कमध्ये खिडकी आजही 'विंदाउगे' आणि डोळा 'आउगे'. बूकमोल शिकणाऱ्यानेही नीनॉर्स्कचा कोश हाताशी ठेवावा, तो याचसाठी.

पण डोळा कशाला? 'घराने बाहेर पाहायचं म्हणून डोळा' हे स्पष्टीकरण सगळीकडे छापलेलं असतं आणि मला ते अजिबात पटत नाही. बाहेर पाहण्यावरून नाव पडलं असतं तर त्यात वारा आला नसता. काच नसलेल्या घरात भोक असे ते धूर जाण्यासाठी, हवा आणि उजेड येण्यासाठी. इथे डोळा म्हणजे आरपार भोक. नॉर्वेजियनमध्ये सुईच्या भोकाला 'नोल-ओइए', सुईचा डोळा, म्हणतात. आपण त्याला नेढं म्हणतो आणि रतनगडाच्या माथ्यावरच्या आरपार भोकालाही नेढंच म्हणतो. त्या नेढ्यात उभं राहिलेल्याला 'वाऱ्याचा डोळा' वेगळा समजवावा लागत नाही.

आता आपल्याकडचा 'गवाक्ष' घ्या. गो अधिक अक्षि, गाईच्या डोळ्यासारखं भोक. यातल्या 'गो'चा अर्थ किरण लावून 'किरणांचा डोळा' असं सांगणारे विद्वान आहेत. अर्थ सुंदर आहे, पण तो नंतर बसवलेला वाटतो. पाणिनीचं सूत्रच आहे : 'अक्ष्णोऽदर्शनात्'. समासाच्या शेवटी 'अक्षि' पाहणाऱ्या डोळ्याच्या अर्थी नसेल तर त्याचं 'अक्ष' होतं. भट्टोजी दीक्षितांनी सिद्धान्तकौमुदीत, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या आपल्या ग्रंथात, उदाहरण दिलंय तेच मुळी 'गवामक्षीव गवाक्षः'. न पाहणारा डोळा! नॉर्स भाषकांचाही तोच, असं माझं ठाम मत आहे.

अमरकोशात तर 'वातायनं गवाक्षः' असे खिडकीचे दोन्ही शब्द शेजारी आहेत. 'विंद' आणि 'वात' एकाच मुळाचे. 'आउगा' आणि 'अक्षि' यांचंही मूळ एकच मानतात, फक्त जर्मानिक (नॉर्स, इंग्रजी, जर्मन यांच्या) शाखेतला 'आउ' हा स्वर नियमात बसत नाही. म्हणजे वातायनाचं पहिलं पद आणि गवाक्षाचं दुसरं पद जोडलं की विंदाउगा तयार! जर्मनीत लॅटिनवरून 'फेन्स्टर' आला, स्वीडिशमध्येही त्याचंच भावंड चालतं. वारा टिकला तो नॉर्वेजियन, डॅनिश आणि इंग्रजीत.

विंदु जुळला म्हणून सगळेच शब्द जुळतील असं मात्र धरू नये. इंग्रजी 'स्काय'ही नॉर्सच, पण नॉर्वेजियनमध्ये त्याच अक्षरांचा उच्चार 'श्यू'च्या जवळचा आणि अर्थ ढग. आकाशाला 'हिम्मेल' म्हणतात.