सोनोग्राफी निर्दोष, म्हणून हाड पक्के का?

प्रश्न : पुण्यातील एका तबेल्यात आमच्या भागीदारीतील दोन वर्षांचा थरोब्रेड घोडा आहे. सरावाचा वेग वाढवल्यापासून त्याच्या पुढच्या दोन्ही पायांच्या नळीवर (गुडघ्याखालच्या लांब हाडावर) समोरून हात लावताच तो पाय मागे घेतो. सोनोग्राफीत कंडरा निर्दोष आढळल्या. मग हाडही पक्के आहे असे समजावे काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कृपया तसे समजू नये. नेहमीच्या सोनोग्राफीतील ध्वनिलहरी मांस व कंडरांमधून सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने आत जातात. मात्र हाडाशी पोहोचताच त्यांचा बराचसा भाग परत फिरतो. त्यामुळे पडद्यावर हाडाची वरची कड तेवढी पांढऱ्या रेषेसारखी उमटते आणि तिच्यामागे नुसती सावली राहते. त्या रेषेत खंड, पायरी किंवा नव्या हाडाचा खडबडीत थर दिसला, तर तो महत्त्वाचा पुरावा असतो. कटिभागाच्या हाडाला भेग गेल्याची शंका असेल, तर ही तपासणी फारच मोलाची ठरते. तेथे एक्स-रे काढण्यासाठी बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते आणि भुलेतून उठताना घोडा धडपडला, तर भेगेचे रूपांतर पूर्ण अस्थिभंगात होण्याची भीती असते. पण रेषा अखंड असल्याने आतील हाडाच्या बळाची ग्वाही मिळत नाही.

त्यासाठी वेगळी पद्धत आहे. नळीवर मांस जवळजवळ नसल्याने त्वचेवर टेकवलेल्या उपकरणातून ध्वनिलहर हाडाच्या लांबीच्या दिशेने सोडून तिचा वेग मोजता येतो. घट्ट, ताठ हाडात तो सेकंदाला ४००० मीटरच्या आसपास असतो आणि हाड सच्छिद्र झाले की घटतो. एका घोड्याचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहण्यात मला फारसे तथ्य वाटत नाही. त्याच घोड्याच्या त्याच जागेवर काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या नोंदी मात्र उपयोगी पडतात. शिवाय हे मोजमाप नळीच्या मधल्या भागाचे असते, आणि शर्यतीत घोड्याच्या जिवावर बेतणारे कित्येक अस्थिभंग नळीच्या खालच्या टोकाशी, सांध्यात सुरू होतात.

आपल्या घोड्याच्या बाबतीत मी यंत्रापेक्षा त्याच्या वेदनेवर अधिक विश्वास ठेवीन. भरधाव दौडीचा ताण पडू लागला की कोवळे हाड स्वतःची फेररचना करते; जुने हाड काही आठवड्यांत काढले जाते, पण नवे भरून घट्ट व्हायला महिने लागतात, आणि नेमक्या त्याच काळात दम व स्नायू तयार झालेले असल्याने घोडा शर्यतीस सिद्ध वाटतो. म्हणून जलद सराव तूर्त थांबवावा, दोन्ही नळ्यांचे एक्स-रे आता आणि पशुवैद्यांच्या सल्ल्याने दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढावेत, कारण ताजी बारीक भेग पहिल्या चित्रात अनेकदा दिसत नाही. वेदनाशामक देऊन दौड मुळीच चालू ठेवू नये. सईसाला रोज सकाळी, घोडा बाहेर काढण्यापूर्वी, दोन्ही नळ्या चाचपून ऊब, सूज आणि दुखणे यांची नोंद वहीत करायला सांगावे, व ती वही प्रत्येक तपासणीच्या वेळी पशुवैद्यांपुढे ठेवावी.