पाण्याचा नको, माशाचा रिपोर्ट काढा

ताई, बहिणीला सातवा महिना, घरी आठवड्यातून तीनदा गावच्या तलावातली मरळ, तलावात पावसाळ्यात राखेचं पाणी उतरतं आणि तुमच्या हातात ‘सर्व घटक मर्यादेत’ असा पाण्याचा रिपोर्ट. मरळ चालेल का, की नागपुरातून सॅलमन आणू, असं तुम्ही विचारलंय. सहा वर्षांपूर्वी सुनेच्या वेळी आमच्याकडे अगदी असाच कागद होता, म्हणून लांबलचक लिहितो. मी डॉक्टर नाही, मच्छीमार सोसायटीचे हिशेब लिहिण्यात माझी नोकरी गेली. तब्येतीचं डॉक्टरांनाच विचारा.

कोळशात पारा असतो, तो राखेच्या पाण्यातून तलावात येऊ शकतो वगैरे तुम्हाला ठाऊक दिसतं, ते सोडतो.

आमचं चुकलं ते इथे: आम्ही पाणी तपासलं. पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम, आमचा आकडा त्याखाली आला. तरी मी एका कार्यालयात अर्ज दिला, की निदान दोन मरळी तपासा. साहेबांनी माझाच कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, ‘पाणी चांगलं तर मासा चांगला.’ अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर अकरा महिने फिरला, तोवर नात उभी राहायला लागली होती. कार्यालयाचं नाव घेत नाही, पण राग अजून गेलेला नाही. त्या एका वाक्यावर भरवसा ठेवून आमच्या घरी मरळ शिजत राहिली. नात ठणठणीत आहे, पण आमच्या नशिबावर तुम्ही विसंबू नका.

तळाच्या गाळात प्राणवायू नसतो, तिथले जीवाणू पाऱ्याचं मेथिलमर्क्युरी, म्हणजे अंगात साठणारं विषारी रूप, करतात. ते शेवाळात जातं, शेवाळातून किड्यांत, किड्यांतून बारक्या मासळीत, मग मरळीत. दर पायरीला साठा वाढतो. सगळ्यात वरच्या शिकारी माशात तो पाण्याच्या दहा लाख पटही भरू शकतो. मग बाटलीभर पाण्यात काय दिसणार?

सॅलमनची गोष्ट वेगळी नाही. पॅसिफिकमधला रानटी सॅलमन जवळजवळ सगळं वजन समुद्रात कमावतो, आणि चरबीबरोबर पीसीबी ही कारखान्यांतली रसायनंही अंगात घेतो. अमेरिकेने त्यांचं उत्पादन १९७९ साली बंद केलं. तरी सिॲटलच्या बाजूला चिनूक जातीच्या सॅलमनवर जगणाऱ्या ऑर्कांच्या (किलर व्हेल) अंगात ती आजही सापडतात. नराच्या अंगात वयाबरोबर साठत जातात. मादीचा साठा दुधातून पिलाकडे उतरतो, आणि सगळ्यात मोठा वाटा पहिलटकरणीच्या पिलाला. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

पीसीबी चरबीत असतात, त्यामुळे कातडी आणि पोटाकडची चरबी काढली की बरंच कमी होतं. पारा मात्र मांसातच बसतो. सावजी रस्स्यात दोन तास उकळला तरी तो तिथेच.

माझं मत विचाराल तर अंगावरचं दूध सुटेपर्यंत मोठी मरळ आणि वाम बंद. मासे मात्र बंद करू नका, बाळाला त्यांची गरज असते. खात्रीच्या तलावातला लहान रोहू किंवा कतला आणा. सॅलमनमध्ये पारा कमीच असतो, परवडत असेल तर कातडी-चरबी काढून खुशाल घ्या. फक्त ‘इंडियन सॅलमन’ म्हणून रावस विकतात. तो वेगळा मासा आहे, दुकानात नीट विचारून घ्या.

तपासणी करायचीच तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेला आधी फोन करून विचारा, माशाच्या मांसातला एकूण पारा काढून देता का. तलावातली सगळ्यात मोठी मरळ न्या, पाठीचं मांस द्या, बर्फात. लांबी, वजन आणि कुठल्या काठाला सापडली ते लिहून ठेवा. आम्ही शेवटी पदरच्या पैशाने तपासलं तेव्हा हे लिहिलं नव्हतं, आणि साहेबांनी तो रिपोर्टही ‘मासा कुठला कशावरून?’ म्हणत परत केला.