वाचकांचे प्रश्न : 'वंडर वुमन' खंदकातून वर येते तेव्हा

प्रश्न : 'वंडर वुमन' (२०१७) मधला खंदकाचा प्रसंग कितव्यांदाही पाहिला तरी अंगावर काटा येतो. त्यात असं केलंय तरी काय?

उत्तर : त्याची तयारी बरीच आधी सुरू झालेली असते. डायना, म्हणजेच वंडर वुमन, लंडनला येते ती चिलखतावर झगा ओढून. तो जरा बाजूला झाला की तिचा सोबती, हेर-वैमानिक स्टीव्ह, घाईघाईने पुन्हा झाकतो. प्रेक्षक ताटकळत राहतो. १४१ मिनिटांच्या सिनेमातला साधारण निम्मा वेळ सरल्यावर पहिल्या महायुद्धातल्या बेल्जियमच्या खंदकात तिचा कोट उतरतो.

उतरतो तोही एका झटक्यात नाही. आधी कडेवर मूल घेतलेली बाई गावाची दैना सांगते. स्टीव्ह म्हणतो, दोन सैन्यांमधलं हे मैदान ओलांडणं कुणालाच जमणार नाही. डायना पाठ फिरवते, केस मोकळे सोडते, कपाळपट्टी बांधते. मग शिडीवरचे बूट, पाठीवरची ढाल, मनगटावरचे पट्टे असे तुकडे दिसतात आणि त्यानंतर ती अख्खी उभी. पहिली गोळी एकटीच येते आणि मनगटपट्ट्यावरून उडते. मग गोळ्यांचा मारा, मग तोफगोळा. शेवटी मशीनगनचा सगळा रोख ढालीवर येतो आणि ती गुडघे वाकवून जागच्या जागी थांबते.

दिग्दर्शक पॅटी जेन्किन्स यांची खरी कमाल या थांबण्यात आहे. सगळा मारा तिच्यावर एकवटल्यामुळे बाकीच्यांवरचा हटतो, स्टीव्ह आणि सोबती धावतात, मागून सैनिकही खंदकातून बाहेर पडतात. एका झेपेत ती पलीकडे पोचली असती तर ताकद दिसली असती, पण बाकीचे नुसते बघत राहिले असते.

प्रश्न : गावातल्या लढाईत स्टीव्ह सोबत्यांना पत्रा उचलायला लावतो, ते त्याला कसं सुचतं?

उत्तर : सुरुवातीची, डायनाच्या बेटाच्या किनाऱ्यावरची लढाई पुन्हा पाहा. डायनाची मावशी आणि गुरू अँटिओपी ढालीवरून उसळी घेऊन बाण सोडते, तेव्हा स्टीव्ह तिथेच असतो. गावात घंटेच्या मनोऱ्यावर बंदूकधारी बसलेला दिसताच त्याला ते आठवतं. सोबत्यांसह पत्रा डोक्यावर धरून तो डायनाला हाक देतो, 'ढाल!' आणि ती त्यावरून झेपावते. एकदा पेरलेलं इथे उगवतं, म्हणून वेगळा खुलासा करावा लागत नाही.

प्रश्न : वंडर वुमन ही कॉमिक्समधली व्यक्तिरेखा १९४१ची. मग सिनेमा पहिल्या महायुद्धात का नेला?

उत्तर : डायनाची समजूत साधी आहे : युद्धदेव आरीसला मारलं की युद्ध संपेल. ती मोडायला असं युद्ध हवं, जिथे दोष एकाच माणसावर ढकलता येत नाही. ज्याला ती आरीस समजते त्या जर्मन सेनापती लुडेनडॉर्फला मारल्यावरही सैनिक विषारी वायू विमानात चढवतच राहतात, ते पाहून ती हादरते. आमच्या मते तिचा खरा जन्म या क्षणी होतो. पुढे आरीस सदेह अवतरतो आणि विजांची लढाई होते, तिथे सिनेमा थोडा घसरतो. (खरा लुडेनडॉर्फ १९३७ पर्यंत जिवंत होता.)

प्रश्न : कॉलेजसाठी नायिकेच्या उगमाची १५ मिनिटांची शॉर्टफिल्म करतोय. काय सांभाळावं?

उत्तर : पटकथा १५ पानांच्या वर नेऊ नका. शक्ती एकच ठेवा आणि तिला एक मर्यादा द्या. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर तिची चुणूक दाखवा, पूर्ण वापर आठव्या-नवव्या पानाआधी नको. बहुतेक विद्यार्थी पहिल्याच मिनिटाला सगळं उधळतात आणि मग वाढवायला काही उरत नाही.

ढाल थर्माकोलची केली तर पहिल्याच आपटण्यात तुकडा पडतो आणि कडेला पांढरं दिसतं. ६ मिमी जाडीच्या ईव्हीए फोमचे (चपलेच्या तळव्यासारख्या लवचिक फोमचे) २ थर कॉन्टॅक्ट अॅडेसिव्हने चिकटवा. चिकटवायच्या दोन्ही पृष्ठभागांना लावून १० मिनिटं सुकू द्या, मगच दाबा. ओलं असताना दाबलं तर कडा सुटतात. गोलाई हीटगनने द्या, घरच्या हेअर ड्रायरची उष्णता पुरत नाही. रंग चकाकणारा घेतलात तर दिवे त्यात उमटतील, मॅटच बरा. मागे मूठ आणि कोपराजवळ पट्टा अशी दोन जागी पकड हवी, नाहीतर धावताना ढाल फिरते.

पोशाख शूटिंगच्या आदल्या आठवड्यात घालून नायिकेला उकिडवं बसू द्या, दोन्ही हात वर करू द्या, ५० पावलं पळू द्या. जिथे काचेल तिथे तिचा चेहरा कॅमेऱ्यात खोटा पडतो.