अमेरिकेत घराशेजारी आरव्हीसाठी (आत राहण्याची सोय असलेल्या गाडीसाठी) ३० अँपचा सॉकेट बसवायचा आहे. तो ड्रायरसारखा २४० व्होल्टचा असतो का?

नाही, आणि नेमका इथेच घोळ होतो. आरव्हीचा ३० अँपचा सॉकेट, म्हणजे टीटी-३०, हा १२० व्होल्टचाच. ३० अँप ऐकलं की कपडे वाळवायचा ड्रायर डोळ्यासमोर येतो, आणि मुरलेला इलेक्ट्रिशियनसुद्धा डबल-पोल (दोन फेजचा, २४० व्होल्ट देणारा) ब्रेकर लावून मोकळा होतो. मग प्लग लावताच कन्व्हर्टर (गाडीची बॅटरी चार्ज करणारं यंत्र), मायक्रोवेव्ह, फ्रीजचा कंट्रोल बोर्ड सगळं जळतं.

ब्रेकर ३० अँपचा सिंगल-पोल घ्या, वायर १० गेजची तांब्याची (गेजचा आकडा लहान, तशी वायर जाड). काळी फेज पितळी स्क्रूला, पांढरी न्यूट्रल चंदेरी स्क्रूला, अर्थिंग हिरव्याला. पॅनेलपासून अंतर १०० फुटांच्या आसपास असेल तर ८ गेज घ्या. १० गेजवर पूर्ण लोडला साधारण ६ व्होल्ट वाटेतच जातात आणि एसी कुंथायला लागतो.

न्यूट्रल आणि अर्थिंग फक्त घराच्या मुख्य पॅनेलमध्ये जोडलेले असावेत. सॉकेटपाशी किंवा गाडीत जोडू नका, नाहीतर न्यूट्रलचा करंट गाडीच्या सांगाड्यातून फिरतो. त्यात न्यूट्रल कुठे सुटली, तर दाराच्या हँडलला शॉक!

गाडी जोडण्याआधी मल्टीमीटर लावाच: फेज-न्यूट्रल सुमारे १२०, फेज-अर्थ तेवढेच, न्यूट्रल-अर्थ जवळपास शून्य. कुठेही २४० दिसले तर प्लग लावू नका, ब्रेकर पाडा.

५० अँपचं प्रकरण वेगळं. तो खरोखर १२०/२४० व्होल्टचा असतो: डबल-पोल ब्रेकर, ६ गेजच्या चार वायरी. परमिट मात्र दोन्हीसाठी आधी स्थानिक कार्यालयात विचारा.